स्थौल्यचिकित्सेचे पहिले सोळा आठवडे : प्रारंभीचे यश, मध्ये येणारे अडथळे आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

स्थौल्याचा रुग्ण चिकित्सालयात येतो तो बहुधा एकच प्रश्न घेऊन : ‘किती दिवसांत किती किलो?’ औषध चालू झाल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत काटा झपाट्याने खाली येतो आणि रुग्ण, त्याचे कुटुंबीय, प्रसंगी वैद्यही आनंदित होतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाच काटा अडतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो क्वचित उलटही फिरतो. येथेच बहुसंख्य रुग्ण चिकित्सा सोडतात. काही जण कडक उपवास करू लागतात, काही जण कोणाच्या तरी सांगण्यावरून डब्यातील भुकटी विकत आणतात, आणि काही जण ‘आयुर्वेदाचा गुण आला नाही’ असे सांगत फिरतात.

स्थौल्याची निदानपंचके व योगसंग्रह यांवर आपल्या व्यवसायात पुष्कळ लिहिले गेले आहे. चिकित्सा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत काय घडते, का घडते आणि त्या वेळी वैद्याने काय सांगावे, यावर मात्र फारसे लेखन आढळत नाही. प्रस्तुत लेखात एका रुग्णाच्या सोळा आठवड्यांच्या नोंदीच्या आधारे हा विषय मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

संहितोक्त भूमिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात, म्हणजे अष्टौनिन्दितीय अध्यायात, अतिस्थूलाचा विचार विस्ताराने आला आहे. आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदपणा, मैथुनात कष्ट, दौर्बल्य, दौर्गंध्य, अतिस्वेदाची बाधा, अतिक्षुधा आणि अतितृष्णा हे आठ दोष तेथे सांगितले आहेत. यांतील अतिक्षुधा हा दोष आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. मेदाने स्रोतसांचा मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठातच विशेषेकरून संचार करतो व अग्नीला प्रदीप्त करतो. त्यामुळे आहाराचे पचन शीघ्र होते आणि पुन्हा आहाराची इच्छा होते. भोजनाची वेळ टळली तर हेच अग्नी व वायू त्या रुग्णास घोर विकार उत्पन्न करतात. वणवा वनाला जाळतो, तसे हे दोघे स्थूलाला जाळतात, अशा आशयाचा दृष्टांत आचार्यांनी योजला आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, स्थूल रुग्णाची भूक ही केवळ जिभेची हाव नसून तिला संप्राप्तीचे अधिष्ठान आहे. ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढाच उपदेश करणारा वैद्य संप्राप्ती विसरतो. दुसरी अशी की, अशा रुग्णास सरसकट निराहार ठेवणे शास्त्रसंमत नाही. म्हणूनच स्थूलाच्या कर्शनासाठी गुरू, परंतु अपतर्पण करणारे द्रव्य इष्ट मानले आहे. गुरुत्वाने तीक्ष्ण अग्नीचे शमन होते आणि अपतर्पणाने मेदाचा क्षय होतो. यव, कुळीथ, मूग, तक्र, आमलक या द्रव्यांकडे या दृष्टीने पाहावे.

तिसरा मुद्दा क्रमाचा. जागरण, व्यायाम, चिंतन इत्यादींची वाढ स्थूलाने क्रमाक्रमाने करावी असे चरकाचार्य सांगतात. अहितकर सवयी सोडण्याचा पादांशिक क्रमही चरकाच्याच सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात आला आहे. कृशता ही स्थूलतेपेक्षा बरी, असे मत चरक-सुश्रुतांनी नोंदवले आहे. त्याचे कारण स्थौल्याच्या चिकित्सेतील हाच पेच होय. बृंहण दिले तर मेद वाढतो, आणि लंघन दिले तर वाढलेल्या अग्नि-वायूंपुढे रुग्ण टिकत नाही. पहिल्या सोळा आठवड्यांतील बहुतेक अडथळे या पेचातून उद्भवतात.

मोजावे काय?

सुरुवातीला मोजमाप नीट घेतले नाही, तर पुढील चढउतारांचा अर्थ लागत नाही. वजनकाटा मांस, मेद, अस्थी, उदक आणि मल यांची बेरीज दाखवतो, त्यांतील कमी काय झाले ते दाखवत नाही. आपल्या देशात तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा बीएमआय २२.३ असा समान होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. बाहेरून कृश आणि आतून मेदस्वी अशी भारतीय प्रकृती त्या एका चित्राने जगापुढे आली.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली सहमतीने जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत बीएमआय २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरण्यात आली. कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषात ९० सें.मी. व स्त्रीमध्ये ८० सें.मी. ठेवण्यात आली. शिवणकामाचा साधा टेप प्रत्येक चिकित्सालयात असावा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, श्वास सोडल्यावर घेर मोजून लिहावा. त्याचबरोबर चरकोक्त सम्यक् लंघिताची लक्षणे विचारून नोंदवावीत. वात-मूत्र-पुरीषाचे यथायोग्य विसर्जन, गात्रलाघव, उद्गारशुद्धी, तंद्रा व क्लम यांचा नाश, अन्नाविषयी रुची, भूक व तहान यांची योग्य वेळी उत्पत्ती आणि मनाची प्रसन्नता ही ती लक्षणे होत. काटा अडला असतानाही ही लक्षणे मिळत असतील, तर चिकित्सा योग्य मार्गावर आहे असे समजावे.

रुग्णवृत्त

रुग्ण : पुरुष, वय ४४ वर्षे, किराणा दुकानदार. दुकानाच्या गल्ल्यावर रोज सुमारे १२ तास बैठक. उंची १६८ सें.मी., वजन ९४.६ किलो, बीएमआय ३३.५, कंबर ११२ सें.मी. तीन वर्षांपासून मधुमेह. त्यासाठी मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड या गोळ्या फिजिशियनच्या सल्ल्याने चालू. उपाशीपोटी रक्तशर्करा १४८, एचबीएवनसी ८.१. रक्तदाब प्राकृत.

वेदना : जिना चढताना धाप, भोजनोत्तर तंद्रा, अतिस्वेद, गुडघ्यांत जडपणा आणि दर दोन-तीन तासांनी लागणारी भूक.

हेतू : दिवसात आठ कप चहा, प्रत्येकात एक चमचा साखर. गिऱ्हाईक नसताना सहज हाताला लागणारे फरसाण व शेंगदाणे. दुपारी दुकान बंद करून दीड तास झोप. रात्री दहानंतर भोजन. व्यायामाचा पूर्ण अभाव.

चिकित्सा फेब्रुवारीच्या मध्यास, म्हणजे वसंताच्या तोंडावर सुरू केली. प्रारंभी मुस्ता व शुंठी यांनी सिद्ध जल पाचनार्थ, नंतर नवक गुग्गुळ व त्रिफळा-गुडूची-मुस्ता यांचा काढा दिला. मधुमेह असल्यामुळे मधाचे अनुपान न योजता कोष्ण जल योजिले. आठवड्यातून तीन दिवस त्रिफळा व कुळीथ यांच्या चूर्णाने उद्वर्तन सांगितले. आहारात दुपारी ज्वारीची भाकरी, मुगाचे कढण किंवा हुलग्याचे पिठले, पडवळ-दुधी-शेवगा-कारले यांपैकी भाजी आणि साय काढलेले ताक. चालणे पहिल्या आठवड्यात २० मिनिटे, दर आठवड्यास ५ मिनिटांची वाढ. ‘मधुमेहाची गोळी चालू असताना निराहार राहायचे नाही’ ही सूचना केसपेपरवर लाल शाईने लिहून दिली आणि रुग्णाच्या फिजिशियनना पत्राने कळविले.

नोंदी पुढीलप्रमाणे :

प्रारंभ : ९४.६ किलो, कंबर ११२ सें.मी.
पहिला आठवडा : ९२.२ किलो
दुसरा : ९१.४ किलो, कंबर ११०.५ सें.मी.
तिसरा : ९०.९ किलो
चौथा (होळी) : ९१.३ किलो, कंबर १०९ सें.मी.
पाचवा : ९०.७ किलो
सहावा (गुढीपाडवा) : ९०.८ किलो, कंबर १०८ सें.मी.
सातवा : ९०.७ किलो
आठवा (चैत्र एकादशी) : ९०.१ किलो
बारावा : ८८.८ किलो, कंबर १०५ सें.मी.
सोळावा : ८७.२ किलो, कंबर १०२.५ सें.मी.

पहिल्या आठवड्यातील घट : कोणाची?

पहिल्या सात दिवसांत २.४ किलो उतरले. रुग्ण हर्षभरित झाला व ‘या हिशेबाने पाडव्याला ऐंशीच्या आत येतो’ असे गणित त्याने मांडले. या गणिताला त्याच दिवशी उत्तर देणे आवश्यक असते.

यकृत व पेशींमध्ये साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार कमी होताच हा साठा प्रथम खर्च होतो व त्याबरोबरचे पाणी मूत्रावाटे निघून जाते. फरसाण-लोणच्यातील मीठ कमी झाल्यानेही शरीरातील साचलेले पाणी उतरते. कोष्ठशुद्धी होते, त्याचाही वाटा असतो. म्हणजे या २.४ किलोंपैकी मोठा भाग क्लेदाचा व मलाचा, मेदाचा अल्प. क्लेद उतरणे हेही लाभाचेच आहे. लाघव त्यामुळेच जाणवते. परंतु ती मेदक्षयाची गती नव्हे.

एक किलो शारीर मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. रोज ५०० किलोकॅलरीची तूट ठेवली, तरी आठवड्यास साधारण अर्धा किलोच मेद जाऊ शकतो, आणि पुढे पुढे तर त्याहूनही कमी. हे साधे गणित आम्ही रुग्णाच्या वहीत पहिल्याच भेटीत लिहून देतो. पहिल्या आठवड्याचे यश जितके मोठे, तितकी चौथ्या आठवड्याची निराशा खोल. म्हणून यशाच्या दिवशीच पुढच्या अडथळ्याची कल्पना द्यावी, हा या प्रकरणातील पहिला धडा होय.

सणांचा अडथळा आणि पादांशिक क्रम

चौथ्या आठवड्यात होळीची पुरणपोळी झाली व वजन ४०० ग्रॅमने वाढले. रुग्ण अपराध्यासारखा आला. येथे ध्यानात घ्यावे की, एका दिवसाच्या दोन-तीन पुरणपोळ्यांनी ४०० ग्रॅम मेद तयार होत नाही. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा भरला व त्याबरोबर पाणी परत आले. पुढील आठवड्यात ती वाढ आपोआप उतरली, आणि कंबरेचा घेर तर होळीच्या आठवड्यातही कमीच होत होता.

सण वर्ज्य करण्यास सांगणारे पथ्य आपल्या समाजात टिकत नाही. आम्ही असे सांगतो की, सणाच्या दिवशी एकच वेळ पंगत घ्यावी, पुरणपोळीबरोबर भात घेऊ नये, कटाची आमटी निःसंकोच घ्यावी, दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचे कढण घ्यावे आणि वजन चार दिवस पाहू नये. सणाहून अधिक हानी सणानंतर आठवडाभर डब्यात उरलेल्या पोळ्या, करंज्या व शेवेने होते.

खरी लढाई रोजच्या सवयींशी असते. आठ कप चहा म्हणजे, चमचा ५ ग्रॅमचा धरल्यास, ४० ग्रॅम साखर व सुमारे १६० किलोकॅलरी. तीही मधुमेही रुग्णात. हा चहा एकदम बंद केला असता तर शिरःशूल, चिडचिड व चौथ्या दिवशी पुनरारंभ हे निश्चित होते. म्हणून चतुर्थांशाने उतरविले : आठाचे सहा, सहाचे चार, चाराचे दोन, प्रत्येक टप्पा आठवडाभर स्थिर ठेवून. कमी झालेल्या प्रत्येक चहाच्या जागी ताक किंवा धणे-जिऱ्याचे कोमट पाणी दिले. चहातील साखर तर पहिल्या तीन आठवड्यांतच अर्ध्या चमच्यावर व पुढे शून्यावर आली. फरसाणाची बरणी गल्ल्यावरून मागच्या फळीवर गेली. हात पोहोचेल तेथे वस्तू न ठेवणे, हाही निदानपरिवर्जनाचाच भाग होय.

थांबलेला काटा

पाचव्या ते सातव्या आठवड्यात वजन ९०.७ वर खिळले. रुग्ण म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगता ते सगळं करतो, पण काटा हलेना.’’ वहीतील नोंदी प्रामाणिक होत्या. मग हे का व्हावे?

शरीर वजनाच्या घटीला संकट समजते. हलक्या झालेल्या देहाला त्याच चालण्यास कमी ऊर्जा लागते, आणि विश्रांतीच्या काळातील ऊर्जाव्ययही कमी होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी आहारावर ठेवून निरीक्षण केले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले, परंतु त्याबरोबर विश्रांतीतील ऊर्जाव्यय घटला, थंडी वाजू लागली, उत्साह गेला आणि मन अहोरात्र अन्नाभोवती घुटमळू लागले. चरकोक्त अतिलंघिताची लक्षणे या वर्णनाशेजारी ठेवून वाचावीत : बलहानी, अग्निहानी, अंगमर्द, मनःसंभ्रम. साम्य लक्षणीय आहे.

भुकेच्या बाबतीतही असेच. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन १९९४ साली आणि आमाशयातून स्रवणारे घ्रेलिन १९९९ साली ज्ञात झाले. पहिले तृप्तीचा संदेश देते, दुसरे क्षुधेचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प ऊर्जेचा आहार देण्यात आला. वजन उतरल्यानंतर लेप्टिन घटलेले व घ्रेलिन वाढलेले आढळले, आणि वर्षभरानंतरही ही स्थिती पूर्ववत झाली नव्हती. म्हणजे वजन उतरलेल्या मनुष्याची भूक खरोखरच वाढलेली असते. स्थूलाच्या अतिक्षुधेला आचार्यांनी संप्राप्तीत स्थान दिले, त्याचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

या टप्प्यावर औषधाची मात्रा दुप्पट करण्याचा किंवा आहार निम्मा करण्याचा मोह वैद्याने टाळावा. आम्ही प्रथम कंबर पाहिली. ती सहा आठवड्यांत चार सें.मी.ने उतरली होती. धाप व भोजनोत्तर तंद्रा कमी होती, मलप्रवृत्ती साफ होती. हे सर्व रुग्णास दाखविले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेला भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासही येथे उपयोगी पडतो. आहार-विहार बदललेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले, आणि तेही सरासरी वजनात उल्लेखनीय घट न होता. काटा थांबला तरी लाभ थांबत नाही, याचा हा सबळ पुरावा होय.

एकादशीचा प्रसंग

आठव्या आठवड्यात चैत्र शुद्ध एकादशी आली. एरवी आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही तऱ्हा असते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी व वऱ्याचा भात यांनी उपवासाचा दिवस एरवीपेक्षा जड होतो. या रुग्णाने मात्र थांबलेला काटा हलविण्याच्या हेतूने कोणाच्या तरी सांगण्यावरून निर्जळी उपवास धरला, आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली.

सायंकाळी पाचच्या सुमारास दुकानात त्यास दरदरून घाम आला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. नोकराने उपवासामुळे पित्त झाले असेल असे समजून पंखा लावला. शेजारच्या औषधविक्रेत्याने येऊन ग्लुकोमीटरने तपासले तेव्हा रक्तशर्करा ५४ होती. त्याने लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग खायला दिले व रुग्णाच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्या औषधविक्रेत्याचे प्रसंगावधान नसते, तर परिणाम काय झाला असता हे सांगण्याची आवश्यकता नाही. रुग्ण बेशुद्ध झाला असता तर मात्र तोंडाने काहीही न पाजता थेट रुग्णालय गाठावे लागते, हेही येथे नमूद करतो.

यातून घ्यावयाचा बोध असा. सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या व इन्सुलिन यांच्याबरोबर निराहार हा जिवावरचा खेळ आहे. ग्लिफ्लोझिन वर्गातील गोळ्या घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास जलक्षय व रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याचे वजन उतरू लागले की तीच मात्रा जास्त ठरून उठताना भोवळ येऊ शकते. म्हणून वजन उतरत असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी दर भेटीत पाहावी आणि मात्रा कमी करण्याचा निर्णय त्या त्या चिकित्सकाशी बोलून त्यांच्याकडूनच घडवून आणावा. लंघनाचे दहा प्रकार चरकाने सांगितले आहेत. उपवास हा त्यांतील केवळ एक होय, आणि तो कोणाला द्यावा हे बल पाहूनच ठरते.

पुढील आठ आठवडे

त्या प्रसंगानंतर रुग्ण आठवडाभर खचला होता. ‘मला हे जमायचे नाही’ असे त्याने ठरवूनच टाकले होते. त्याच्या पत्नीस सोबत बोलावून आम्ही दोघांसमोर वही ठेवली : आठ आठवड्यांत साडेचार किलो आणि जिना चढताना न लागणारी धाप. फिजिशियननी ग्लिमेपिराइड बंद करून केवळ मेटफॉर्मिन ठेवले. उपचारात पुढील चार बदल केले.

१) रात्रीचे भोजन दहाऐवजी साडेसातला. दुकान नऊला बंद होत असल्यामुळे घरचा डबा दुकानात मागविण्याची व्यवस्था पत्नीने केली.

२) दुपारची झोप बंद. ग्रीष्मात दिवास्वापाची सामान्य अनुज्ञा असली, तरी मेद-कफबहुल व्यक्तीस ती नाही, असे वाग्भटाचार्यांनी स्पष्ट केले आहे. भोजनानंतर शतपावली व आसनस्थ विश्रांती सुचविली.

३) दोन्ही भोजनांत मूग, हुलगा किंवा मटकीचे प्रमाण वाढविले आणि चालण्याबरोबर सूर्यनमस्कार सुरू केले, दोनापासून क्रमाने आठपर्यंत. वजन उतरताना मांसधातूचाही क्षय होत असतो. तो रोखण्यास आहारातील प्रथिने व बल वापरणारा व्यायाम दोन्ही लागतात.

४) व्यायाम अर्धशक्तीपर्यंतच. ललाट, नासिका व काखेत घाम आणि तोंडाने श्वास सुरू होताच थांबावे. उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी, आणि तो पहाटेच.

याशिवाय भोजनाच्या प्रारंभी थोडे पाणी पिण्यास सांगितले. भोजनारंभीचे पाणी कृशता आणते व अंतीचे स्थूलता आणते, हा वाग्भटोक्त विचार आचरणास सोपा आहे.

सोळाव्या आठवड्याअखेर वजन ८७.२ किलो झाले. एकूण घट ७.४ किलो, म्हणजे मूळ वजनाच्या ७.८ टक्के. कंबर साडेनऊ सें.मी.ने कमी. उपाशीपोटी शर्करा ११२, एचबीएवनसी ६.९. बीएमआय अद्याप ३०.९ आहे, म्हणजे रुग्ण शास्त्रतः स्थूलच आहे. परंतु अमेरिकेतील २००२ च्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात उद्दिष्टच ७ टक्के वजनघट व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम असे होते, आणि तेवढ्यानेही मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते. एवढी घट टिकविणे हे पुढील सहा महिन्यांचे काम असल्याचे रुग्णास सांगितले आहे.

औषधविक्रेता बंधूंसाठी

स्थूल व्यक्ती वैद्याकडे येण्यापूर्वी आणि काटा थांबल्यानंतर प्रथम आपल्या दुकानात येते. म्हणून काही सूचना.

औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलता व मधुमेह दोन्ही समाविष्ट आहेत. ‘पंधरा दिवसांत दहा किलो’ अशी पाटी दुकानात लावणे हा केवळ अतिशयोक्तीचा नव्हे, तर कायद्याचा प्रश्न आहे.

सिबुट्रामिन या औषधावर भारतात २०११ साली बंदी आली. तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वजनघटीच्या उत्पादनांत ते मिसळलेले असल्याचे निरनिराळ्या देशांत आढळले आहे. घटक व निर्मात्याचा परवाना क्रमांक स्पष्ट नसलेली भुकटी किंवा कॅप्सूल ठेवू नये. आरोग्यवर्धिनीसारखे रसकल्प वैद्याच्या चिठ्ठीविना महिनोन्महिने देऊ नयेत.

सेमाग्लुटाइड व टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनांविषयी ग्राहक आता वारंवार विचारतात. ती चिकित्सकाच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आहार-विहाराची घडी त्यामुळेच दोन्ही शास्त्रांत अपरिहार्य ठरते. अशा रुग्णास आपण इंजेक्शन परस्पर बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

ग्लुकोमीटर, पट्ट्या व ग्लुकोजचे पुडे हाताशी ठेवावेत आणि नोकरवर्गास रक्तशर्करा उतरल्याची लक्षणे शिकवावीत. वरील प्रसंगात याचा उपयोग कसा झाला ते वाचकांनी पाहिलेच आहे.

उपसंहार

पहिल्या आठवड्याची घट क्लेदाची, तिसऱ्यानंतरची मेदाची. सणाची वाढ बहुतांशी पाण्याची. थांबलेला काटा हा शरीराचा स्वाभाविक प्रतिकार. या तीन गोष्टी वैद्याने पहिल्याच भेटीत सांगितल्या, तर रुग्ण अडथळ्याला पराभव समजत नाही. वजन, कंबर व लंघितलक्षणे अशी तिहेरी नोंद ठेवावी, सवयी पादांशाने सोडवाव्यात, निराहाराऐवजी गुरू-अपतर्पण आहार योजावा आणि चालू असलेल्या आधुनिक औषधांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. स्थौल्य हा कृच्छ्रसाध्य व्याधी आहे. त्यात शीघ्र यशाचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा सोळाव्या आठवड्यातही रुग्ण ज्याच्याकडे येत राहतो, त्या वैद्याची चिकित्सा फलद्रूप होते. अशा नोंदी आपल्याही चिकित्सालयांत असतील. त्या वैद्यमित्रांनी या त्रैमासिकातून मांडाव्यात, ही विनंती.